अस्सल जपानी डिस्ट्रिब्युटर

५ जानेवारी, बारामती

फसवलं मेल्यानं. पुन्हा फसवलं!

'शंभर टक्के अस्सल, जपानहून आलेल्या गाडीतून काढलेला' असं छातीठोकपणे लिहून दिल्लीच्या त्या माणसानं मला डिस्ट्रिब्युटर विकला. आज गरम इंजिनावर त्याचा स्टिकर आपोआप सुटला. खाली भलत्याच कंपनीचा शिक्का. भिगवण रस्त्याला एमआयडीसीच्या पुढं मोकळं मिळालं म्हणून जरा पाय दाबला, तर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांवर जातो न जातो तोच गाडी खोकायला लागली. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर हॉर्न मारत मला ओलांडून गेला. ट्रॅक्टर! माझ्या व्हीटेकला!

डिस्ट्रिब्युटर म्हणजे चारही सिलिंडरला पाळीपाळीनं ठिणगी वाटून देणारा डबा. पाटाच्या पाण्याची पाळी चुकली की जसा सगळ्या शिवारात गोंधळ होतो, तसंच इंजिनातही होतं. अकरावीच्या पोरांना मी हे असंच शिकवते आणि त्यांना ते कळतं. दिल्लीच्या माणसाला कळत नाही, किंवा कळूनही तो मख्ख बसतो.

माझी गाडी २००१ची होंडा सिटी व्हीटेक. कॉलेजात कायम झाले तेव्हा जुनी घेतली, तेव्हापासून मीच चालवते. पाच हजारांच्या आसपास काटा गेला की तिच्या इंजिनाचा आवाज बदलतो. नुसती गुरगुरणारी गाडी किंचाळायला लागते आणि पाठ सीटला चिकटते. त्या आवाजासाठी मी नव्या गाडीला नाही म्हणत आले.

१६ फेब्रुवारीला इंदापूरबाहेरच्या माळावर ऑटोक्रॉस आहे. चुन्यानं आखलेला वळणावळणाचा रस्ता, एकेक गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. बायकांचा वेगळा गट आहे, गाडी स्वतःची हवी. मी नाव दिलंय. आयुष्यात पहिल्यांदा. पुढच्या वर्षी गाडीची नोंदणी संपतेय आणि एवढ्या जुन्या गाडीला पुन्हा मिळेलच असं नाही. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. चार हजारांवर खोकणारी गाडी घेऊन तिथं जायचं म्हणजे हसं करून घ्यायचं.

बुद्धघोष म्हणाला, "अगं, तिथं भाग घेणं महत्त्वाचं." नवरा आहे म्हणून गप्प बसले, दुसरं कोणी असतं तर सुनावलं असतं.

९ जानेवारी

जुन्या जपानी गाड्यांच्या ग्रुपवर डिस्ट्रिब्युटर हवा म्हणून टाकलं. उत्तरं आली ती अशी. एक: 'भावा, फोटो टाक.' दोन: 'भावा, गाडी कोणाची?' माझी, असं लिहिलं. मग: 'ओके ताई, मालकांना फोन करायला सांगा.' मालक म्हणे! मालक माझा नवरा, गाडीचा नाही. त्याला तर डिपस्टिक कुठं असते तेसुद्धा माहीत नाही.

पण खरा संताप त्याचा नाही. पुण्याच्या एकाकडं अस्सल माल होता. क्रमांकासकट फोटो पाठवला. बोलणं ठरलं, मी शनिवारी येते म्हटलं. त्यानं विचारलं, पूर्ण नाव काय, पावती करायला. मी पूर्ण नाव लिहिलं. माझ्या प्रोफाइलला आमचा दीक्षाभूमीवरचा फोटो आहे, तोही त्यानं पाहिला असणार. अर्ध्या तासानं निरोप, 'सॉरी, विकला गेला.'

आज पाहते तर जाहिरात तशीच! श्रेयाच्या फोनवरून विचारायला लावलं. श्रेया आमच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, मूळची लासुर्ण्याची, घरचा ऊस, कारखान्याचे सभासद. तिला लगेच उत्तर: 'आहे ना मॅडम, कधी येताय?'

मी त्याला जे लिहायचं ते लिहिलं आणि ग्रुपवरही टाकलं. त्यानं मला ब्लॉक केलं. ग्रुपवाले म्हणाले, इथं राजकारण आणू नका. मी आणलं व्हय रे? गाडीचा पार्ट मागितला मी, पार्ट!

बुद्धघोष म्हणाला, "असेल दुसऱ्या कारणानं." तसं नाही, हे त्यालाही माहीत होतं. रात्री जेवताना त्यानं उगाचच भाजीचं कौतुक केलं.

१४ जानेवारी

सापडला! म्हणजे सापडलाही आणि हातचा गेलाही.

दुपारी श्रेयाकडं तिळगुळाला गेले होते. तिथून घरी येऊन फोन उघडला तर नवी जाहिरात. कळस गावची. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक पांढरी सिटी व्हीटेक, पुढचं तोंड पार चेपलेलं, टपावर दोन कोंबड्या. बॉनेट उघडून काढलेला फोटोही होता. मोठा करून पाहिला. रेडिएटरचा चुरा झालाय, पण कडेला डिस्ट्रिब्युटर शाबूत. कारखान्यातून आला तसाच, कुणी हातही न लावलेला. इतकी वर्षं पत्र्याखाली, अगदी माझ्या दारात!

फोन लावला. म्हातारा आवाज. मला नुसता डिस्ट्रिब्युटर हवाय, म्हटलं.

"बोला की ताई. नातीनं टाकलीया जायरात. मला त्यातलं काय कळत न्हाय, पर गाडीचं कळतं. इंजन लई गुणाचं हाय."

किती गोड बोलत होते. आणि मग आलंच ते.

"कुठल्या म्हनायच्या तुमी? नाव-गाव?"

झालं. आपल्याकडं पाणी विचारायच्या आधी हे विचारतात. ह्या प्रश्नात गाव कमी असतं आणि बाकीचंच जास्त. पुण्याचा तो मनुष्य डोळ्यांसमोर आला. म्हटलं, ह्या खेपेला नाही. आणि तोंडातून श्रेयाचं आडनाव निघून गेलं. "लासुर्ण्याचे आम्ही," असंही वर ठोकून दिलं.

पलीकडचा आवाजच बदलला. मग, "न्हाय काय हितं. ठिवा फोन." आणि ठेवलाच.

आता ह्याला काय म्हणायचं? खरं नाव सांगावं तर माल संपतो, उसाच्या घरातलं नाव सांगावं तरी संपतो! म्हणजे राहिलं काय? बाई असणं. बाईला काय कळतं इंजिनातलं, असाच विचार केला असणार म्हाताऱ्यानं. सुरुवातीचा गोडवा म्हणजे निव्वळ देखावा.

१५ जानेवारी

बुद्धघोषला फोन करायला लावला. तो म्हणाला, "मी आपलंच नाव सांगतो. काय होतंय ते होऊ दे."

मी म्हटलं, खबरदार! काल लासुर्णं सांगितलंय. आज त्याच गाडीसाठी दुसरं नाव सांगितलं तर म्हातारा म्हणेल हे कोण चोरचिलट. तू लासुर्ण्याचाच बोल, आणि जरा पुरुषासारखा बोल.

त्याला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. तरी बोलला बिचारा. फोन स्पीकरवर होता. म्हातारा एकदम कडाडला, "तुमाला लाज हाय का? आजून काय न्यायचं ऱ्हायलंय तुमचं?" आणि पुढं जे बोलला ते इथं लिहीत नाही.

सासूबाई, म्हणजे भागुबाई, आतून ऐकत होत्या. म्हणाल्या, "एका डबड्यासाठी लोकांच्या शिव्या खाताय व्हय? त्यापरास माझ्या गुडघ्याच्या डाक्टरला फोन करा की."

बुद्धघोष म्हणाला, "अंजली, ह्यात काहीतरी वेगळं आहे." वेगळं काय असायचंय? माणूस विक्षिप्त आहे. विकायचं नसतं तर जाहिरात टाकायची कशाला?

२० जानेवारी

स्टाफरूममध्ये मी श्रेयाला कळसच्या गाडीचं सांगत होते. तिचं आडनाव उसनं घेतल्याचं मात्र सांगितलं नाही. आडनाव काय वापरून झिजतं का?

ती म्हणाली, "कळस? आमच्या घरचं कुणी कळसला जात नाही गं. काकांच्या ट्रॉलीचं जुनं मॅटर आहे. ऊस भरलेली ट्रॉली पंक्चर झाली म्हणून रात्रीची रस्त्यातच सोडली होती. गाडी धडकली मागून. कोर्टात लई वर्षं चाललं."

मी म्हटलं, तुमच्या ट्रॉल्यांना मागं साधा लाल कागद चिकटवायला काय होतं? दर गळीत हंगामात हेच. अंधारात डोंगरासारखी उभी ट्रॉली आणि मागं एक दिवा नाही! मी चांगलीच पेटले. श्रेयानं डबा बंद केला आणि तासाला निघून गेली. खरं बोललेलं कुणाला नको असतं.

मग मी पुन्हा तो फोटो उघडून बसले. नंबरप्लेट वाकलीय, पुढची काच नाही. म्हाताऱ्यानं निदान काच तरी बसवायची, इंजिनाला धूळ लागते. एवढ्या चांगल्या गाडीचं कोंबड्यांचं खुराडं करून ठेवलं!

२९ जानेवारी

जपानच्या लिलावाच्या साइटवर एक होता. मधल्या एजंटानं भाव ठरवला आणि आज कळवतो, जहाजानं येईल, मार्चअखेर. मार्चअखेर काय लोणचं घालू त्याचं?

शारजाचा एक म्हणतो आहे, पण फोटो पाठवत नाही. फोटो मागितला तर माझाच फोटो मागतो. निर्लज्ज.

गाडी रोज थोडी चालवते. चार हजारांच्या आत शहाण्या सुनेसारखी वागते. त्याच्या पुढं नाही.

८ फेब्रुवारी

आठवड्यावर आलं. आज पुन्हा कळसची जाहिरात शोधली तर काढून टाकलेली. म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी विकणार! माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर, माझ्याच गाडीचा पार्ट, आणि म्हातारा त्याच्यावर नाग होऊन बसलाय.

बास झालं. उद्या रविवार आहे. मी स्वतः जाणार. फोनबिन काही नाही. आणि लासुर्णं नाही की काही नाही. माझं नाव, माझं आडनाव, सगळं तोंडावर सांगणार. काय बोलतो तेच बघते. ह्या खेपेला नाही म्हणाला तर ऐकवल्याशिवाय येणार नाही. बुद्धघोष येतो म्हणाला. नको म्हटलं, तू मध्ये पडतोस.

९ फेब्रुवारी

कसं लिहू कळत नाही. क्रमानं लिहिते.

कळसमध्ये विचारत गेले. जाहिरातीवर नाव होतं, आप्पासाहेब. घर लगेच सापडलं. अंगणात बाजेवर बसले होते, पांढरी टोपी, हातात शेंगा. मी गाडीतून उतरले आणि उभ्या उभ्याच, मोठ्यानं, पूर्ण नाव सांगितलं. वर म्हटलं, "आम्ही बौद्ध." भांडायच्या तयारीनंच गेले होते.

"बरं," ते म्हणाले. "उनात का हुब्या? बसा की." आणि आत वळून नातीला, "संस्कृती, पाणी आन गं."

सगळी जुळवून आणलेली वाक्यं तोंडातच राहिली. बसले, पाणी प्याले. ते माझ्या गाडीकडं बघत होते. उठून गेले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "व्हीटेक. दोन हजार एकची ना? आमच्या युवराजची अशीच हुती."

मी शेडकडं पाहिलं. शेड रिकामं. मातीवर काळा तेलाचा डाग आणि त्यात कोंबड्या उकरत होत्या.

"ती गाडी कुठं गेली, आप्पा?"

मग त्यांनी सांगितलं. युवराज त्यांचा मुलगा. कारखान्यात केमिस्ट होता. रात्रपाळी करून घरी येत होता आणि रस्त्यात लासुर्ण्याच्या माणसांनी सोडून दिलेली उसाची ट्रॉली उभी होती. संस्कृती तेव्हा आईच्या पोटात. गाडी त्यांनी तशीच आणून शेडमध्ये ठेवली, कोर्टात लागेल म्हणून, आणि कोर्ट संपल्यावरही हलवली नाही. आता संस्कृतीच म्हणाली, आजोबा, कुणाच्या तरी उपयोगाला येऊ दे.

"म्या म्हनलं, बरं. येईल कुनी हौशी मानूस. आन पैला फोन कुनाचा, तर लासुर्ण्याच्या बाईचा! त्याच घरातली, तेच आडनाव. दुसऱ्या दिशी बाप्या. मी म्हनलं, पोरगं खाल्लं, आता त्येच्या गाडीचं काळीज बी पायजे ह्यास्नी? भंगारवाल्याला बोलावलं. फुकट ने म्हनलं, पर आजच ने आन माझ्यासमोर तोड. एक इस्क्रू बी त्यांच्या हाताला लागाय नगं."

तिथंच तोडली. गॅसकटरनं. इंजिनासकट.

संस्कृतीनं चहा आणला होता. मी कप हातात घेतला आणि खाली ठेवला. गप्प बसून उठून येता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. पण ते माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून आले होते.

"आप्पा, तो फोन मी केला होता. दुसरा माझ्या नवऱ्यानं. लासुर्ण्याचे आम्ही नाही. मैत्रिणीचं नाव सांगितलं."

ते म्हणाले, "का?"

मला पुण्याच्या माणसाचं सांगायचं होतं, ग्रुपचं सांगायचं होतं, सगळं सगळं सांगायचं होतं. एवढंच बोलले, "आमचं नाव सांगितलं की लोकांचा माल संपतो, आप्पा."

त्यांनी शेंगांची टरफलं मुठीत गोळा केली. म्हणाले, "मी बी त्येच इचारलं पैलं. नाव-गाव." मग पुन्हा, "सवय."

"आजोबा त्या फोननंतर जेवले नव्हते," संस्कृती म्हणाली. आवाज अगदी थंड. आणि तिनं माझ्यासमोरचा भरलेला कप उचलून आत नेला. असा कप उचललेला मला नवा नाही. पण आजचं कारण फक्त मी होते.

निघताना आप्पासाहेब गाडीपर्यंत आले, पुन्हा बॉनेटवर हात ठेवला. म्हणाले, "तुमी खरं सांगितलं असतं तर दिला असता डिस्ट्रिब्युटर. पैसं बी घ्येतलं नसतं. युवराजला ह्या गाडीचा लई नाद."

१० फेब्रुवारी

श्रेयाला सगळं सांगितलं. लपवून काय करणार?

ती आधी रडली, मग चिडली. चिडू दे. म्हणाली, "तुला वाटलं आमच्या आडनावानं सगळी दारं उघडतात. त्या एका दारात आमचं कुणी कधी गेलंच नाही, साधं भेटायलासुद्धा नाही. आणि तू माझं नाव घेऊन गेलीस, ते पण पार्ट मागायला!"

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं की तुला. इथंच बसून. तू मला रिफ्लेक्टरवर लेक्चर दिलंस."

दिलं होतं. वीस तारखेला लिहूनसुद्धा ठेवलंय. माझं मीच पुन्हा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. ट्रॉली, कळस, चेपलेलं तोंड, सगळं माझ्याच अक्षरात आहे. आणि मी काचेवरून म्हाताऱ्याला नावं ठेवत बसले!

तरी एक गोष्ट सोडणार नाही. पुण्याचा तो माणूस खोटारडाच आहे. त्यानं मला त्या दिवशी फिरवलं नसतं तर कळसच्या फोनवर माझी जीभ वळली नसती. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. बुद्धघोष म्हणाला, "बरोबर आहे तुझं." आणि लगेच, "पण गाडी त्यानं नाही तोडली." मी त्याला खोलीतून बाहेर जायला सांगितलं.

१६ फेब्रुवारी

जाऊन आले. नाव दिलं होतं, मागं घेणार नव्हते.

इंदापूरच्या माळावर ही गर्दी. पोरं टपावर चढलेली, वडापावचे गाडे, भोंगा. बायकांच्या गटात आम्ही पाचजणी. माझी गाडी सगळ्यांत जुनी, म्हणून पोरं फोटो काढत होती. एकानं ओरडून विचारलं, "म्याडम, व्हीटेकचा आवाज ऐकवा की!" मी हसले. काय सांगणार त्याला?

वळणं चांगली घेतली. कडेला मांडलेला एकही प्लास्टिकचा शंकू पाडला नाही. शेवटच्या सरळ पट्ट्यावर बाकीच्या चौघी सुसाट गेल्या होत्या. मी पाय दाबला, काटा चार हजारांवर आला आणि गाडी खोकायला लागली. दाबत राहिले. खोकत राहिली. माळावर हशा पिकला. पाचवी आले. पाचातली पाचवी.

बुद्धघोष पाण्याची बाटली घेऊन आला. येताना गाडी त्याला चालवायला दिली आणि मी खिडकीशी बसून सगळ्यांवर चिडत होते. दिल्लीवाल्यावर, पुणेवाल्यावर, ट्रॉलीवाल्यांवर, ट्रॉली रस्त्यात सोडून घरी जाऊन झोपणाऱ्या त्या काकावर. सगळ्यात शेवटी आप्पासाहेबांवर चिडायला गेले आणि ते जमेना.

दिला असता, असं ते म्हणाले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले. मला ते खरं धरायचंय. पण इतक्या वेळा इतक्या लोकांनी फिरवलंय की नुसत्या बोलण्यावर माझा विश्वास बसत नाही. नाव ऐकल्यावर माणूस काय करतो ते बघितल्याशिवाय बसतच नाही. कळसला नाव ऐकून पाणी मिळालं खरं, पण तेव्हा नाही म्हणायला माल उरलाच नव्हता. आणि आप्पासाहेबांचं ते बघायची एकच वेळ होती, संक्रांतीच्या दुपारी, "नाव-गाव?" विचारून ते थांबले होते तेव्हा. त्या वेळी फोनवर मी नव्हतेच.